माशांच्या पिलांचे पोट आणि खाद्याचे वेळापत्रक

नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेकडून अर्नाळ्याच्या दिशेने निघाले की वाटेत निर्मळ लागते. शंकराचार्य मंदिर, कार्तिकात भरणारी यात्रा आणि गावाचे जुने तळे ही या गावाची ओळख. तळ्याचे पाणी गोडे. पण पश्चिमेला अवघ्या काही किलोमीटरवर समुद्र, उत्तरेला वैतरणेची खाडी आणि दक्षिणेला वसईची खाडी. रोहू, कटला, मृगळ यांचे गोडे पाणी आणि जिताड्याचे मचूळ पाणी इतक्या जवळ नांदावे, असा हा पट्टा आहे. म्हणूनच मत्स्यशेतीतील एक मूलभूत प्रश्न या परिसराच्या संदर्भात तपासून पाहण्यासारखा आहे. अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माशाच्या पिलाला काय खाऊ घालायचे आणि ते त्याला पचते का?

प्रश्न वरवर साधा वाटतो. मात्र मत्स्यशेतीतील सर्वांत मोठी हानी याच टप्प्यावर होते. रोहू-कटल्याची एक लाख नवजात पिले मातीच्या संगोपन तळ्यात सोडली, तर पंधरा-वीस दिवसांनंतर त्यांतील तीस ते चाळीस हजारच हाती लागणे ही सर्वसाधारण स्थिती मानली जाते. व्यवस्थापन चांगले असेल तर हे प्रमाण निम्म्याच्या पुढे जाते; ढिसाळ असेल तर तळे जवळजवळ रिकामे होते. या मृत्यूंमागे शिकारी किडे, प्राणवायूची कमतरता, तापमानातील चढउतार अशी अनेक कारणे असली, तरी पिलाच्या पोटाची तयारी आणि त्याला मिळणारे खाद्य यांची सांगड न बसणे हे त्यांतील एक प्रमुख कारण आहे. पिलू म्हणजे मोठ्या माशाची लहान प्रतिकृती नव्हे. त्याची पचनसंस्था अंड्यातून बाहेर आल्यानंतर, दिवसागणिक, ठरावीक क्रमाने घडत जाते. हा क्रम समजून घेतला तर खाद्यावरचा खर्चही वाचतो आणि पिलेही वाचतात.

जिरे, बीज आणि बोटुकली

महाराष्ट्रातील मत्स्यव्यवसायात पिलांच्या वाढीच्या टप्प्यांना अर्थवाही नावे आहेत. अंड्यातून बाहेर पडून साधारण तीन दिवस झालेले, सहा ते आठ मिलिमीटर लांबीचे पिलू म्हणजे मत्स्यजिरे. स्वयंपाकघरातील जिऱ्याएवढा आकार, म्हणून हे नाव. पंधरा ते वीस दिवसांत ते वीस-पंचवीस मिलिमीटरचे होते, तेव्हा त्याला मत्स्यबीज म्हणतात. त्यापुढे दोन-तीन महिने वाढवल्यावर बोटाएवढी, म्हणजे ऐंशी ते शंभर मिलिमीटरची बोटुकली तयार होते. मोठ्या तळ्यात किंवा जलाशयात सोडायची ती ही बोटुकली.

पूर्वी हे बीज नद्यांतून गोळा केले जाई. पावसाळ्यात पुराच्या पाण्यात जाळी लावून मिळणाऱ्या बिजात हव्या त्या माशांबरोबर नको त्या माशांची पिलेही येत. भारतीय कार्प जातीचे मासे बंदिस्त तळ्यात सहसा अंडी देत नाहीत, ही मोठी अडचण होती. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील, म्हणजे आजच्या ओडिशातील, अंगुळ येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांना पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून प्रेरित प्रजनन यशस्वी केले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर देशात मत्स्यबीज केंद्रे उभी राहिली आणि वर्तुळाकार हौदांच्या चिनी पद्धतीच्या हॅचरी रूढ झाल्या. अंडी किती मिळतील हा प्रश्न बराचसा सुटला. अंड्यातून निघालेली पिले किती जगतील, हा प्रश्न मात्र उरला.

प्रारंभीची बंद नळी

कोकणातील पावसाळ्याच्या तापमानात, म्हणजे साधारण २६ ते ३१ अंश सेल्सिअसला, रोहू-कटल्याची अंडी चौदा ते अठरा तासांत फुटतात. बाहेर आलेले पिलू जेमतेम पाच मिलिमीटर लांबीचे, पारदर्शक आणि जवळपास असहाय असते. त्याचे तोंड उघडलेले नसते. पोट म्हणजे एक सरळ, बंद नळी असते. तिच्याखाली बलकाची पिशवी लटकत असते आणि सुमारे तीन दिवस हेच त्याचे शिधासामान असते. या काळात त्याला बाहेरून काहीही द्यायचे नसते. दिले तरी ते खाऊ शकत नाही.

बलक संपत येतो त्याच सुमारास आत वेगाने बांधकाम चालू असते. नळीचे तोंड आणि गुदद्वार उघडते, यकृत व स्वादुपिंड आकाराला येतात, पित्ताशय तयार होते, आतड्याच्या अस्तराला घड्या पडू लागतात. साधारण ७२ तासांनी पिले हॅचरीतून काढून संगोपन तळ्यात सोडण्याचा जो प्रघात आहे, तो या शरीररचनेशी जुळणारा आहे. बलकाची पुंजी संपण्याच्या बेतात असते आणि पहिला घास घेण्याची क्षमता नुकतीच आलेली असते.

हा काळ अत्यंत नाजूक होय. बलक संपल्यावर पिलाला वेळेवर अन्न मिळाले नाही, तर स्वादुपिंड आणि आतड्याच्या पेशी झिजू लागतात. उपासमार एका मर्यादेपलीकडे गेली की नंतर कितीही अन्न समोर आले तरी पिलू ते पचवू शकत नाही. शास्त्रज्ञ या टप्प्याला परतीचा मार्ग बंद होण्याची वेळ मानतात. तळ्यावर याचा अर्थ इतकाच की पिले सोडण्याच्या दिवशी पाण्यात अन्न तयार हवे. चार दिवसांनी ते तयार होऊन उपयोग नाही.

विकरांचे वेळापत्रक

खाल्लेल्या अन्नाचे शरीराला शोषता येतील असे बारीक तुकडे करण्याचे काम विकरे, म्हणजेच एन्झाइम करतात. प्रथिने तोडणारी ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन, पिष्टमय पदार्थांवर काम करणारे अमायलेज आणि स्निग्ध पदार्थांचे विघटन करणारे लायपेज ही प्रमुख विकरे स्वादुपिंडातून आतड्यात येतात. पेप्सिन हे प्रथिने तोडणारे आणखी एक विकर. पण ते जठरात, आम्लाच्या सान्निध्यातच काम करते.

पिलात ही विकरे एकदम प्रकटत नाहीत. पहिला घास घेण्याच्या सुमारास, किंबहुना काही जातींत त्याआधीच, स्वादुपिंडातील विकरे अल्प प्रमाणात आढळू लागतात. विशेष म्हणजे त्यांची सुरुवात अन्नामुळे होत नाही. ती जनुकांनी ठरवून दिलेल्या वेळी होते. अन्नाचा परिणाम नंतर, त्यांचे प्रमाण वाढण्या-घटण्यावर होतो. ट्रिप्सिन स्वादुपिंडातून निष्क्रिय रूपात बाहेर पडते आणि आतड्यात पोहोचल्यावर तेथील दुसऱ्या विकरामुळे सक्रिय होते. तसे झाले नसते तर स्वादुपिंडाने स्वतःलाच पचवले असते. पिलाची प्रकृती आणि त्याला मिळणारे पोषण जोखण्यासाठी संशोधक ट्रिप्सिनची पातळी एक खूण म्हणून वापरतात; उपाशी पिलात ती खालावते.

रोहूच्या पिलांतील पाचक विकरांचा अभ्यास दिल्ली विद्यापीठातील प्रा. रीना चक्रवर्ती व सहकाऱ्यांनी केला असून तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला विकरांचे कार्य कमी असते आणि वयाबरोबर ते वाढत जाते, असे त्यातून स्पष्ट झाले. याचा व्यावहारिक अर्थ असा की पहिल्या आठवड्यात पिलाला जे पचते आणि तिसऱ्या आठवड्यात जे पचते, त्यात मोठे अंतर असते.

दुसरा टप्पा आतड्याच्या अस्तराचा. आतड्यातील पेशींच्या पृष्ठभागावर सूक्ष्म केसांसारख्या उंचवट्यांची दाट कड असते. पचनाचा अखेरचा भाग, म्हणजे प्रथिनांच्या लहान तुकड्यांपासून अमिनो आम्ले वेगळी करण्याचे काम, मोठ्या माशात या कडेवरची विकरे करतात. नवजात पिलात ही कड अविकसित असते. त्यामुळे प्रथिनांचे अर्धवट तुटलेले तुकडे पेशी सरळ आत ओढून घेतात आणि त्यांचे विघटन पेशीच्या आत होते. वय वाढते तसे पेशीच्या आतले काम कमी होते आणि कडेवरचे काम वाढते. हा बदल म्हणजे आतडे प्रौढ झाल्याची खूण. फ्रान्समधील इफ्रेमर या सागरी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकापासून युरोपीय सी-बास माशावर केलेल्या कामातून हे चित्र पुढे आले. अयोग्य खाद्य दिल्यास हा बदल लांबतो आणि पिले दगावण्याचे प्रमाण वाढते, हेही त्यातून दिसले.

जठर नसलेले आणि जठर उशिरा येणारे

येथे गोड्या पाण्याच्या आणि खाडीच्या माशांच्या वाटा वेगळ्या होतात. रोहू, कटला, मृगळ, तसेच सायप्रिनस या कार्प कुळातील माशांना जठर नसते. पिलू असताना नसते आणि पाच किलोचा मासा झाला तरी येत नाही. त्यामुळे पेप्सिन आणि आम्ल यांचा त्यांच्या पचनात भागच नाही. घशातील दातांनी अन्न चुरडायचे आणि लांब आतड्यात, अल्कधर्मी वातावरणात ते पचवायचे, ही त्यांची रीत. जठर म्हणजे अन्नाचे कोठारही असते. ते नसल्याने या माशांना एका वेळी भरपूर खाऊन ठेवता येत नाही. थोडे थोडे, वारंवार खाणे हा त्यांचा शरीरधर्म आहे. दिवसाचे सगळे खाद्य एकदम टाकण्याची पद्धत त्यांच्या बाबतीत म्हणूनच तोट्याची ठरते.

या माशांच्या बाबतीत आणखी एक बदल वयानुसार घडतो. प्रौढ रोहू बराचसा शाकाहारी असून त्याचे आतडे शरीराच्या लांबीच्या अनेक पट असते. पिलाचे आतडे मात्र आखूड असते आणि त्याचा आहार प्रामुख्याने पाण्यातील सूक्ष्म प्राणी हाच असतो. आतडे लांबते, त्याला वेटोळी पडतात आणि पिष्टमय पदार्थ पचवण्याची क्षमता वाढत जाते, तसा तो वनस्पतिजन्य खाद्याकडे वळतो. भाताचा कोंडा बोटुकलीला मानवतो म्हणून तो जिऱ्यालाही तितकाच मानवेल, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

जिताड्याची गोष्ट निराळी. हा मांसाहारी मासा. त्याला मोठेपणी चांगले कार्यक्षम जठर असते. मात्र जन्मतः नसते. पिलू अंड्यातून बाहेर येते तेव्हा सुमारे दीड मिलिमीटरचे असते आणि दोन-तीन दिवसांत त्याचे तोंड उघडते. पहिले दोन आठवडे ते जठराविनाच काढते. त्या सुमारास जठरातील ग्रंथी दिसू लागतात आणि तिसऱ्या आठवड्यात आम्ल व पेप्सिन कामाला लागतात. तोपर्यंत सगळा भार ट्रिप्सिन आणि त्याच्या जोडीच्या विकरांवर असतो. मांसाहारी मासा आहे म्हणून पहिल्या आठवड्यात मासळीची भुकटी त्याला पचेल, असे गृहीत धरता येत नाही. याउलट आफ्रिकन मागूरच्या पिलात खाणे सुरू झाल्यानंतर पाचेक दिवसांतच जठर कार्यक्षम होत असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. तात्पर्य, तीन कुळांचे तीन पंचांग आहेत. हे दिवसही उबदार पाण्याचे. पाणी थंड असेल तर सर्व टप्पे लांबतात.

जिवंत खाद्यच का?

पिलांना सुरुवातीला जिवंत खाद्य द्यावे, हा अनुभवसिद्ध नियम जगभर पाळला जातो. तळ्यातील पिलांसाठी रोटिफर, मोइना, डॅफ्निया यांसारखे प्राणी प्लवंग; हॅचरीतील जिताड्यासाठी आधी रोटिफर आणि मग आर्टेमियाची नवजात पिले. आर्टेमियाची सुप्त अंडी डब्यांतून मिळतात आणि खाऱ्या पाण्यात साधारण एका दिवसात फुटतात. जगातील पुरवठ्याचा मोठा भाग अमेरिकेतील युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून येतो. साहजिकच ती महाग पडतात आणि हॅचरीच्या खर्चात त्यांचा वाटा मोठा असतो.

जिवंत खाद्य इतके का मानवते, याचे एक आकर्षक स्पष्टीकरण अनेक वर्षे दिले जात असे. पिलाच्या पोटात विकरे कमी असतात. गिळलेल्या जिवाच्या अंगची विकरे ती उणीव भरून काढतात, असे ते स्पष्टीकरण. पुढे संशोधकांनी पिलाच्या आतड्यातील विकरांपैकी खाद्यातून आलेली किती, हे मोजले, तेव्हा तो वाटा अगदी अल्प आढळला. पिलाजवळ स्वतःची विकरे पुरेशी असतात. मात्र ती कोणत्या स्वरूपाच्या अन्नावर चालतात, हे महत्त्वाचे.

जिवंत खाद्याचे गुण दुसरीकडे आहेत. ते हलते, त्यामुळे पिलाच्या नजरेत येते. ते तोंडात मावेल एवढेच असते. त्याच्या शरीरात पाण्याचा अंश मोठा असतो आणि त्यातील प्रथिनांचा बराच भाग विरघळणारा, आधीच सुट्या स्वरूपातला असतो. म्हणून अविकसित आतड्यालाही तो झेपतो. शिवाय न खाल्लेला रोटिफर पाण्यात पोहत राहतो. न खाल्लेली पेंड मात्र तळाशी बसून कुजते, प्राणवायू खाते आणि अमोनिया वाढवते. अनेकदा पिले पेंडीने नव्हे, पेंडीने बिघडलेल्या पाण्याने मरतात.

कोरड्या खाद्याकडे

जिवंत खाद्यावर कायम राहणे परवडत नाही. त्यामुळे पिलांना तयार खाद्याकडे वळवावे लागते. बाळाला उष्टावल्यानंतर हळूहळू वरच्या अन्नाची सवय लावावी, तसाच हा प्रकार. कार्पच्या पिलांना पहिल्या घासापासून कोरड्या खाद्यावर वाढवण्याचे प्रयोग युरोपात १९८० च्या दशकात झाले. पुढे सी-बासच्या बाबतीतही, योग्य घडण असलेले सूक्ष्म खाद्य दिल्यास जिवंत खाद्याविना पिले वाढू शकतात, हे प्रयोगशाळेत दाखवले गेले. म्हणजे अडथळा कोरडेपणाचा नसून घडणीचा आहे.

ही घडण तीन-चार गोष्टींवर अवलंबून असते. प्रथिनांचा काही भाग आधीच विकरांनी तोडलेला असावा; मात्र तोही बेताने, कारण त्याचे प्रमाण जास्त झाल्यास वाढ खुंटते. स्निग्ध पदार्थांत फॉस्फोलिपिड असावेत, कारण पिलाला ते स्वतः पुरेसे बनवता येत नाहीत. सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला निष्प्रभ करणारा घटक असतो. उष्णता दिल्यावर त्याचा प्रभाव ओसरतो. ज्या पिलाचे सारे प्रथिनपचन ट्रिप्सिनवर चालते, त्याला कच्च्या सोयाबीनचे पीठ देणे म्हणजे त्याचे एकमेव हत्यार काढून घेणे होय. कण तोंडाच्या मापाचे असावेत आणि पाण्यात लगेच विरघळू नयेत, ही चौथी अट.

जिताड्याचे खाद्य बदलायचे ते जठर तयार झाल्यावर, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणि तेही टप्प्याटप्प्याने. काही दिवस आर्टेमिया आणि तयार खाद्य सोबत द्यायचे, मग आर्टेमिया कमी करत जायचा. या काळात दुसरे संकट उभे राहते. जिताड्याची पिले एकमेकांना खातात. आपल्या लांबीच्या जवळपास दोन तृतीयांश लांबीचा भाऊबंदही पिलू गिळू शकते. उपाशी ठेवले किंवा लहान-मोठी पिले एकत्र राहिली, की हा प्रकार वाढतो. त्यामुळे दर काही दिवसांनी पिले आकारानुसार वेगळी करणे हा त्यांच्या संगोपनाचा अविभाज्य भाग आहे.

तळ्याकाठचे गणित

रोहू-कटल्याच्या संगोपन तळ्यासाठी प्रचलित शिफारशी या पोटाच्या वेळापत्रकाशी ताडून पाहिल्या तर त्यांतील संगती ध्यानात येते. मातीच्या तळ्यात हेक्टरी तीस ते पन्नास लाख जिरे सोडता येतात. म्हणजे गुंठ्याला तीस ते पन्नास हजार. त्यापूर्वी हेक्टरी ७५० किलो शेंगदाणा पेंड, २०० किलो शेण आणि ५० किलो सिंगल सुपर फॉस्फेट यांचे मिश्रण खत म्हणून ठरवले जाते. गुंठ्याचा हिशेब साडेसात किलो पेंड, दोन किलो शेण आणि अर्धा किलो सुपर फॉस्फेट असा होतो. त्यातील निम्मे जिरे सोडण्यापूर्वी दोन-तीन दिवस टाकायचे आणि उरलेले नंतर, प्लवंगांचे प्रमाण पाहून. हे खत माशासाठी नाही, प्लवंगांसाठी आहे. पन्नास लिटर पाणी प्लवंगजाळीतून गाळल्यावर एक ते दोन मिलिलिटर प्लवंग मिळाले, की तळे पिलांसाठी तयार समजतात.

वेळही महत्त्वाची. ताज्या भरलेल्या तळ्यात आधी बारीक रोटिफर वाढतात, मग मोइना-डॅफ्निया आणि नंतर मोठे सायक्लॉप्स. रोटिफर मुबलक असताना जिरे सोडले तर तोंडाच्या मापाचे अन्न मिळते. उशीर झाला, तर मोठे सायक्लॉप्स नवजात पिलांनाच जखमी करतात. पाण्यातील शिकारी किड्यांचा बंदोबस्त करण्यासाठी साबण आणि तेलाचे मिश्रण आदल्या दिवशी पृष्ठभागावर पसरवले जाते.

पूरक खाद्य म्हणून बारीक दळलेली शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात दिला जातो. एक लाख जिऱ्यांना पहिले पाच दिवस रोज ६०० ग्रॅम आणि पुढे रोज १,२०० ग्रॅम, दोन समान भागांत, हा सर्वमान्य दर. पंधरा दिवसांचा हिशेब केला तर पहिल्या पाच दिवसांचे तीन किलो आणि नंतरच्या दहा दिवसांचे बारा किलो, असे पंधरा किलो खाद्य होते. पहिल्या पाच दिवसांत मात्रा निम्मी असण्यामागचे कारण आता उघड आहे. त्या दिवसांत पिलांचे खरे अन्न प्लवंगच असते. 'लवकर वाढावीत' म्हणून पहिल्याच दिवशी दुप्पट पेंड टाकणारा शेतकरी पैसे खर्च करून पाणी बिघडवत असतो.

वसईच्या पट्ट्यात याचे मोल

राज्यातील तलाव मासेमारीसाठी ठेक्याने दिले जातात आणि त्यांत मत्स्यबीज सोडले जाते. मोठ्या, जुन्या, आधीपासून मासे असलेल्या तळ्यात थेट जिरे सोडणे हा मात्र सर्वांत स्वस्त दिसणारा आणि सर्वांत महाग पडणारा मार्ग. जिऱ्याला तिथे ना मापाचे अन्न हमखास मिळते, ना शिकाऱ्यांपासून संरक्षण. लहान संगोपन तळ्यात बोटुकली होईपर्यंत वाढवून मगच मोठ्या तळ्यात सोडणे, हा शास्त्राला आणि हिशेबालाही धरून असलेला मार्ग आहे. निर्मळसारख्या गावतळ्यांच्या परिसरात मोकळी जागा दुर्मीळ झाली असली, तरी संगोपनासाठी जागा फार लागत नाही. एक-दोन गुंठ्यांचे, मीटर-दीड मीटर खोलीचे तळेही पुरते.

खाडीकाठची बाजूही विचारात घेण्याजोगी आहे. रायगड जिल्ह्यात अलिबाग-पेणच्या खारपट्ट्यात पावसाळ्यात जिताड्याची पिले पकडून घराजवळच्या तळ्यात वाढवण्याची जुनी परंपरा आहे. निसर्गातून मिळणारी ही पिले जठर आल्यानंतरच्या वयाची असल्याने ती वाढवणे तुलनेने सोपे जात असे. मात्र निसर्गातून हवी तेव्हा, हवी तेवढी पिले मिळतीलच असे नाही. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचे बंदिस्त प्रजनन साधल्यानंतर हॅचरीतील बिजाचा पर्याय खुला झाला. हॅचरीचे बीज घेताना खरेदीदाराने पिलांच्या लांबीबरोबर त्यांचे वय आणि ती तयार खाद्य घेऊ लागली आहेत का, हे दोन्ही विचारणे अगत्याचे आहे. आर्टेमियावरच असलेली पिले घरी आणून थेट गोळी खाद्यावर टाकली, तर पहिल्या आठवड्यातच नुकसान संभवते.

या विषयातील ज्ञान फार दूर नाही. वसईची खाडी ओलांडली की मुंबईत वर्सोव्याला १९६१ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. तिथे माशांचे पोषण, जीवरसायन आणि शरीरक्रिया यांचा स्वतंत्र विभाग आहे. रत्नागिरीजवळ शिरगाव येथे १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. उणीव आहे ती हे ज्ञान तळ्याकाठी पोहोचण्याची.

शहरी ग्राहकाच्या ताटात येणारा रोहू असो वा जिताडा, त्याचे भवितव्य त्याच्या आयुष्याच्या पहिल्या तीन आठवड्यांत ठरलेले असते. त्या दिवसांत त्याच्या मालकाने पोत्यावरील दर पाहिला की पिलाचे पोट पाहिले, यावर एका लाखातले किती उरले हे अवलंबून असते.

वेळापत्रक थोडक्यात

रोहू, कटला, मृगळ : पहिले तीन दिवस बलकावर, बाहेरचे खाद्य नाही. चौथ्या दिवसापासून प्लवंग मुख्य, पेंड-कोंडा पूरक. सहाव्या पूरक दिवसापासून मात्रा दुप्पट. पंधरा-वीस दिवसांनी मत्स्यबीज. पुढील दोन-तीन महिन्यांत बोटुकली. जठर कधीच नाही, म्हणून खाद्य विभागून.

जिताडा : दोन-तीन दिवसांनी तोंड उघडताच रोटिफर. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आर्टेमियाची सुरुवात. तिसऱ्या आठवड्यात जठर कार्यान्वित. त्यानंतर टप्प्याटप्प्याने तयार खाद्य आणि आकारानुसार नियमित विभागणी.